साडेचार हजार फूट

नॉर्मन बर्केटची सारी हयात इंग्लंडातल्या लिंकनशरच्या धावपट्ट्यांवर गेली. आधी हवाई दलात मेकॅनिक, आणि निवृत्तीनंतर सत्तर वर्षांच्या एका लढाऊ जेटची फुकट चाकरी. ते जेट डंकन प्राइस उडवायचा, उन्हाळाभर, कुठल्या ना कुठल्या मैदानावर जमलेल्या गर्दीपुढे.

"तुझ्या बायकोपेक्षा हिचे नखरे जास्त," जेटवर थाप मारत नॉर्मन म्हणायचा.

"सांगू तिला?" डंकन हसायचा.

उड्डाणाआधी डंकन गवतात एकटाच चालायचा. हात पसरून, डोळे अर्धे मिटून सगळ्या कसरती पायांनी करून बघायचा आणि उंचीचे आकडे मोठ्याने म्हणायचा. सगळेच वैमानिक असं करतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा.

त्या रविवारी नॉर्मनने ऐकलं, "उभ्या गिरकीच्या माथ्यावर तीन हजार फूट."

तीन हजार डंकनच्या दुसऱ्या, हलक्या पंख्याच्या विमानाला पुरे. या धुडाला साडेचार हवेत, नाहीतर खाली येताना जमीनच आडवी येते. ही पायी फेरी संपली की सांगू, म्हणून तो मूर्खासारखा गप्प राहिला.

तेवढ्यात ढग दाटून येताहेत म्हणून डंकनची वेळ अलीकडे आणली. तो धावतच विमानात चढला, काच लागली, इंजिन गरजलं. साडेचार हजार सुचवायला नॉर्मनने चार बोटं नाचवली. डंकनला वाटलं, चार मिनिटं उरलीत. त्याने अंगठा दाखवला आणि निघाला.

दुखरा गुडघा ओढत नॉर्मन नियंत्रकांच्या गाडीकडे पळत सुटला. पोचेस्तोवर विमान वर चढायला लागलं होतं.

"थांबवा त्याला! आकडा चुकलाय!"

"कुठला आकडा? आधी श्वास घ्या, नॉर्मन," रेडिओवरची पेनी म्हणाली.

"माथ्याचा! दुसऱ्या विमानाचा धरलाय त्याने!"

"नक्की?"

"अगं बाई, थांबव ना!"

पेनीने बटण दाबलं तेव्हा विमानाचं नाक खाली वळलेलं होतं. बार्लीच्या शेतापलीकडून काळा धूर उठला.

संध्याकाळी डंकनची बायको ग्लेनिस हँगरमध्ये आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"शेवटचं काय बोलला हो तो तुमच्याशी?"

तो आकडा नॉर्मनच्या ओठांपर्यंत आला.

"माझ्याशी नाही बोलला, पोरी."

तिने मान हलवली आणि त्याला जवळ घेऊन त्याचीच समजूत घालू लागली.