वहिनींची मान आणि जाड पुस्तकं

छापखान्यासाठी घरी टाइप करणाऱ्या वहिनींची मान धरली होती. "महिन्यात सुटली नाही, तर काम सोडा," असं डॉक्टरांनी बजावलं. काम सोडणं त्यांना मंजूर नव्हतं.

धाकट्या दिरांनी कुठेतरी वाचून स्क्रीन तीन जाड पुस्तकांवर, थेट डोळ्यांसमोर चढवला. मान आणखीच आखडली.

"वहिनी, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवरच हवा, असा नियम आहे!"

"नियम करणाऱ्याने माझा चष्मा कुठे पाहिलाय, भावजी? जवळचं खालच्या भिंगातूनच दिसतं, म्हणून वाचायला कोंबड्यासारखी मान वर करावी लागते."

त्यांनी एकेक पुस्तक काढून दरवेळी एक ओळ वाचली. तिसरं निघालं, तेव्हा हनुवटी जागेवर राहिली. पुस्तकं त्यांनी खुर्चीवरून लोंबकळणाऱ्या पायांखाली सरकवली आणि पुढचं पान टाइप करायला घेतलं.