उलट्या आट्यांचा नट

सदानंदची आणि माझी शेवटची भेट इस्पितळात झाली. कावीळ हाताबाहेर गेली होती. ही भेट शेवटची आहे हे दोघांनाही कळत होतं आणि दोघेही पावसापाण्याचं बोलत होतो. मग त्याने सुमतीवहिनींना गरम पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घराचं काही सांगेल. तो म्हणाला, "बाळ्या, शोरूमवाल्याच्या सेटला डावा नट उलटाच आहे ना?" मी म्हटलं, "उलटाच आहे. जसाच्या तसा उचललाय त्याने." सदा हसला. हसताना त्याला धाप लागली. "मग एकदा चारचौघांत त्याला तो काढायला लाव. मी नसलो तरी चालेल..." त्याच आठवड्यात तो गेला.

स्मृतिलेखात गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये असं म्हणतात. मी ज्याच्याबद्दल वाईट लिहिणार आहे तो जिवंत आहे, धडधाकट आहे आणि रोज सकाळी शोरूमच्या दारात उदबत्ती लावतो, त्यामुळे माझ्याकडून तो संकेत मोडत नाही. त्याचं नाव मात्र मी लिहीत नाही. रत्नागिरीत ते लिहायची गरज नाही, आणि बाहेरच्यांना ते कळावं इतका तो मोठा नाही.

सदा औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी होता. उत्तरेला जयगड, दक्षिणेला पूर्णगड, आत लांजा, एवढा मुलूख त्याच्याकडे, आणि सगळा मोटरसायकलवर. रेल्वे येणार, येणार म्हणतात, पण ती अजून कागदावरच आहे, आणि एस.टी. डॉक्टरांच्या वेळा बघून सुटत नाही. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या होत्या, पुढे वाऱ्याची काच, मागे औषधांच्या नमुन्यांसाठी लांब कॅरियर. सगळं वेल्डिंग करून पक्कं बसवलेलं. आठवडाभर ते ठीक होतं. रविवारी सुमतीवहिनींना घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं म्हटलं की वहिनींना बसायला जागा नाही. एकदा त्या तशाच पेटीवर टेकून बसल्या आणि साडी फाटली. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "सहा दिवस गाडी कंपनीची, तर सातव्या दिवशी माझी करा. नाहीतर मला रिक्षा लावून द्या." सदाच्या शोधाचं मूळ हे आहे. पुढे कोणी कोणी त्याची वेगवेगळी मुळं सांगितली, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

त्याने वर्षभर खटपट करून असा सांगाडा बनवला की दोन बाजूंचे हाताने फिरणारे दोन नट सोडवले की पेट्या, काच, कॅरियर सगळं चहा निवायच्या आत उतरायचं, आणि त्या जागी मागची सीट, पाय ठेवायची पट्टी आणि साडीगार्ड बसायचं. सोमवारी प्रवासी गाडी, रविवारी संसारी गाडी. आम्ही तिला बहुरूपी म्हणायला लागलो. आम्ही म्हणजे मारुती मंदिराजवळच्या हॉटेलात रविवारी जमणारे आठ फिरस्ते. विमेवाले मुकुंदराव होते, मासळीच्या व्यापारातले पूर्णगडचे खालिदभाई होते, मी मोजणी खात्यातला. सदाने प्रत्येकाला गाडी दोन-दोन आठवडे वापरायला दिली आणि बजावलं, "कौतुक नको. काय खटकलं ते सांगा."

खटकलेलं सांगण्यात आमच्याइतका वाकबगार माणूस नाही. मुकुंदराव म्हणाले, "काच एवढी उंच की समोरच्या गिऱ्हाइकाला मी आरशातला नवरदेव दिसतो." सदाने काच कापली. मी पेट्या काट्यावर ठेवल्या. डावी पेटी उजवीपेक्षा सव्वा किलो जड निघाली. "मेल्या, जमिनी मोजतोस त्या मोज," असं म्हणून सदाने दुसऱ्या दिवशी पत्रा बदलला. खालिदभाईंचं म्हणणं सगळ्यांत महत्त्वाचं ठरलं. ते म्हणाले, "सदाभाऊ, उजवा नट जागच्या जागी राहतो. डावा मात्र पावस गाव ओलांडलं की ढिला. रोज. मी काय नट आवळायला जन्मलो?" सदाने दुसऱ्या गाडीवरून त्यांच्या मागोमाग तो रस्ता केला. बोजा खड्ड्यात पुढेमागे झुलायचा आणि डावा नट त्या झुलण्याने हळूहळू सुटायच्या दिशेला फिरायचा. सदाने डाव्या बाजूला उलट्या आट्यांचा नट बसवला. आता झुलण्याने तो सुटण्याऐवजी घट्ट व्हायचा. काढताना मात्र सगळं जग ज्या दिशेला नट सोडवतं त्याच्या विरुद्ध फिरवावा लागायचा. आम्हा आठ जणांच्या हाताला त्याची सवय झाली. वहिनींच्या हातालाही झाली, कारण रविवारी सकाळी सदा दाढी करत असताना बोजा त्याच उतरवायच्या.

गाडी मनासारखी झाल्यावर सदा ती घेऊन मोटरसायकलच्या शोरूमवाल्याकडे गेला. मालक फार गोड बोलले. फोटो काढून कारखान्याला पाठवतो, आठवडाभर गाडी इथेच राहू दे म्हणाले. गाडी महिन्याने परत आली. कारखान्याला रस नाही, असं कळलं. दिवाळीला शोरूमच्या काचेत लाल रंगाचे तसेच सेट टांगलेले दिसले, वर मालकांचं नाव. साडीगार्ड आणि पायाची पट्टी खर्च वाचवण्यासाठी गाळली होती. बाकी आमची आठ जणांची मतं त्यात इमानाने उतरली होती. कापलेली काच, सारख्या वजनाच्या पेट्या, उलटा नट, सगळं. सदा जाब विचारायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. मालक म्हणाले, "अरे, कल्पना काय कोणाच्या बापाची असते? नट माझे, पत्रा माझा, दुकान माझं." मी बोलणार होतो, सदाने माझी बाही धरली. बाहेर आल्यावर म्हणाला, "आज नको. आज बोललो तर नुसतं भांडण होईल." त्यानंतर चार-पाच महिन्यांत तो अंथरुणाला खिळला.

शोकसभा वाचनालयाच्या सभागृहात ठेवली. बोलावलं नव्हतं तरी मालक आले. पांढरा सदरा, चेहऱ्यावर मापात बसवलेलं दुःख. भाषणात म्हणाले, "सदानंद मला मुलासारखा. त्या सेटची कल्पना मी त्याच्या कानावर घातली, त्याने हातभार लावला, ही नोंद आज झाली पाहिजे." पहिल्या रांगेत सुमतीवहिनी बसल्या होत्या. त्यांची मान खाली गेली नाही, पण त्यांच्या हातातला रुमाल पिळला गेला. मी उठलो. आवाज चढवला नाही. म्हटलं, "मालक, बाहेर सदाची गाडी उभी आहे. त्याच्या आठवणीसाठी बोजा तुमच्या हाताने उतरवा. कल्पना तुमचीच आहे, तेव्हा कठीण जाऊ नये." सभेत नाही म्हणायची सोय नव्हती.

सगळी सभा अंगणात आली. उजवा नट मालकांनी झटकन काढला आणि आमच्याकडे बघितलं. मग डाव्या बाजूला गेले. फिरवला, हलेना. पुन्हा जोर केला. आजवर एकही सेट त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला नव्हता, त्यांना वाटत होतं नट गंजलाय. खरं तर प्रत्येक झटक्याला ते तो आणखी आवळत होते. आठांतले उरलेले आम्ही सात जण हात मागे बांधून उभे. खालिदभाई शांतपणे म्हणाले, "मालक, घाई नको. आपलीच चीज आहे." मुकुंदराव म्हणाले, "रुमाल घ्या, सदरा खराब होईल." मालकांच्या मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर त्यांना रागावून निघून जाता आलं असतं. शेवटी वहिनी पुढे आल्या. नट इतका आवळला गेला होता की त्यांना पदराचं टोक गुंडाळून पकडावा लागला. त्यांनी तो उलट्या दिशेला फिरवला. बोजा उतरला. त्यांनी नट मालकांच्या तळहातावर ठेवला आणि त्या पुन्हा आत जाऊन बसल्या.

मला त्याचा आनंद झाला. अजून होतो. सूड घेऊन मन रितं होतं असं सांगणारे बरेच भेटले. माझं झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मालकांचा माणूस वहिनींकडे निरोप घेऊन आला, मी तिथेच होतो. प्रत्येक सेटवर सदाच्या नावाची पितळी पट्टी लावू, गाळलेलं साडीगार्ड परत जोडू, विषय मिटवा. गावात सेट घ्यायला कोणी फिरकत नव्हतं, म्हणून ही उपरती. मी म्हटलं, नको. वर्तमानपत्रात माफी छापू दे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माफी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. पट्टी राहते. नाव लागू द्या." मी हट्ट सोडला. मग त्यांनी निरोप्याला सांगितलं, "पहिली पट्टी ह्यांच्या गाडीला लागेल. आमच्या पडवीत. आणि मालकांनी स्वतः येऊन लावायची."

ते आले. दुपारची वेळ, बाहेर अंगणातला जांभा दगड तापलेला. पडवीत सदाची गाडी उभी, तिच्याजवळ मालक उकिडवे बसले. त्यांना हातोडीची सवय नव्हती. रिबिट वाकडा गेला, तो काढून दुसरा ठोकला. मी फुटपट्टी लावून पट्टी सरळ आहे का ते पाहिलं. एका बाजूला किंचित खाली होती, परत काढायला लावली. तासभर गेला. सदानंद हे नाव नीट बसलं. मालक गुडघ्यावर हात टेकून उठले, पाठ ताठ केली आणि नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्यामागे माठ दिसत होता, त्यावर पालथं भांडं.

आमच्याकडे उन्हातून आलेल्या वैऱ्यालाही गूळपाणी विचारतात. पोस्टमनला विचारतात, वाट चुकलेल्याला विचारतात. मालक थोडा वेळ उभे राहिले... कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मालकांनी चपला घातल्या आणि ते पायऱ्या उतरून गेले.

अंगणाचं बेडं, म्हणजे फाटक, लागल्याचा आवाज झाल्यावर वहिनींनी माठावरचं भांडं उचललं. "भाऊजी, तहान लागली असेल," त्या म्हणाल्या, "तुम्हाला पाणी देऊ ना?"