गोणीसर

आम्हा एमबीएच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायला सर पहिल्या दिवशी आले ते स्कूटरवर पायाशी कांद्याची गोणी ठेवून. दोन मजले ती स्वतः चढवली, टेबलावर टेकवली आणि घाम पुसत विचारलं, "यात सडके किती?" पहिल्या बाकावरच्या हुशार मुलानं वरचे दहा कांदे तपासले. "एकही नाही, सर." सरांनी गोणी फरशीवर उलटी केली. वास थेट प्राचार्यांच्या खोलीपर्यंत गेला. "मी देवळ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. तोंडाशी टपोरे मीच लावले होते," सर म्हणाले आणि उरलेला तास आमच्याकडून कांदे निवडून घेतले.

तेव्हापासून ते गोणीसर. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "गोणी उलटी केलीस का?" कॅन्टीनवाला म्हणाला, मिसळ सगळ्यांना आवडली, तरी सर बेसिनपाशी जाऊन उष्ट्या ताटल्या बघून येत.

मी येवल्याची, पैठणी विणणाऱ्या घरातली. धागे मोजण्यात कधी चूक नाही, पण सरांच्या विषयात दोनदा नापास. तिसऱ्यांदा गटांगळी खाल्ली असती तर पदवी गेली असती आणि ओझरला ठरलेली नोकरीही. उरलं होतं फक्त सर्वेक्षण, चहाबद्दल पन्नास गिऱ्हाइकांची मतं. ती पन्नास गिऱ्हाइकं मी आणि माझ्या मैत्रिणीनं हॉस्टेलच्या गादीवर बसून एका दुपारात जन्माला घातली. पेनंसुद्धा तीन रंगांची वापरली.

सरांनी गठ्ठा चाळला. "पन्नास माणसं आणि एकही तिरसट नाय? नाशकात?" रागावले की त्यांच्या तोंडी गावची भाषा येई. "एक उत्तर कोरं नाय, कोणी वैतागून निघून गेलं नाय. लय गुणी लोक भेटले तुला!" मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "चार दिवस देतो. खरी माणसं आण."

खरी माणसं भयंकर निघाली. एका आजोबांनी चहाऐवजी सुनेबद्दल मत दिलं. फुलवाल्या मावशींनी वय सांगते म्हणत माझ्याकडून सात गजरे ओवून घेतले आणि शेवटी सांगितलंच नाही. अकरा रकाने कोरेच राहिले. रडवेली होऊन मी गठ्ठा दिला, तर सर त्या कोऱ्या रकान्यांवरून हात फिरवत खुशीत हसले. मी काठावर पास झाले.

परवा सरांचा निवृत्तीचा समारंभ झाला. कॉलेजनं बोलावले होते ते सगळे पहिल्या नंबरांचे. मी आपली आगंतुक, मागे दाराशी उभी. सहा भाषणं ऐकल्यावर सर उठले. "ही झाली गोणीच्या तोंडची मंडळी. माझ्या विषयात नापास झालेलं कोणी आहे का?"

"मी, सर. दोनदा."

सगळ्या माना वळल्या. सरांनी माईक माझ्याकडे पाठवला. सांगायचं होतं की त्या चार दिवसांनी माझं आयुष्य सावरलं, की ऑफिसात आज मीही सगळ्यांना तोच प्रश्न विचारून वैताग आणते. पण तोंडातून शब्द फुटेना. सभागृह ताटकळत राहिलं.

"राहू दे गं," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "कोरं उत्तरही मोजायचं असतं."