अदुसेई मामांची सळई

कुमासी शहरातल्या सुआमेच्या त्या गॅरेजांच्या गल्लीत एक रीत होती. इंजिन उघडण्याआधी आजूबाजूच्या फिटरांनी येऊन आवाज ऐकायचा, एकेकाने आपलं मत सांगायचं आणि सर्वांत वडीलधाऱ्याने शेवटी बोलायचं. वडीलधारे म्हणजे अदुसेई मामा. सख्खे मामा ते तिथे कुणाचेच नव्हते, पण कुमासीत मान द्यायचा तर आईच्या भावाचा, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणे.

या रीतीनेच मामांची अब्रू झाकली होती. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. हातोडे, ग्राइंडर आणि सायलेन्सर नसलेली इंजिनं यांच्यात जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणं कळे. पाठ फिरली की संपलं. ज्याच्या कानासाठी दूरदूरच्या गाड्या येत, त्याचाच कान गेला हे फुटलं तर शेडमध्ये कुत्रंही फिरकणार नाही, या धास्तीने ते गप्प राहत. बायकोला संशय नव्हता. हा माणूस आपलं ऐकत नाही, ही तिची तक्रार लग्नापासूनचीच होती.

गुरुवारी दुपारी टेनकोरांगने आपली जुनी ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची मिनीबस, आणून उभी केली. मागच्या काचेवर रंगवलं होतं, ‘जळणाऱ्यांना सांगा, मी पोचलो’. आज मात्र पोचण्याची लक्षणं नव्हती.

‘‘मामा, कालपासून ठकठकतेय,’’ तो काकुळतीने म्हणाला. ‘‘शनिवारी सासूची माती आहे. तिला शवागारातून गावी, मांपोंगला, मीच न्यायचीय. जावयाची गाडी वाटेत बसली तर बायकोचे भाऊ मला जन्मभर जगू देणार नाहीत.’’

‘‘सुरू कर,’’ मामा म्हणाले.

गल्ली गोळा झाली. समोरच्या शेडचा बाफूर सर्वांत आधी आला. बाफूरचं तोंड म्हणजे बिनब्रेकची गाडी. मामांच्या पाठीमागे, कधी तोंडावरही, तो त्यांची टर उडवे, आणि आपलं गुपित कळलं तर पहिला ढोल हाच बडवणार, हे मामा धरून चालले होते.

‘‘बेअरिंग गेलं!’’ बाफूरने निकाल दिला. ‘‘इंजिन उतरवावं लागणार. रविवारपर्यंत विसर. सासूबाईंना सांग, थोडं थांबा म्हणावं, तशी त्यांना आता घाई नाही.’’

‘‘तुझी जीभ झडो,’’ टेनकोरांग म्हणाला.

बाकीच्यांनीही बेअरिंगच म्हटलं. मामा सगळ्यांचे ओठ बघत होते. किती जोराचा ठोका, खालून की पुढून, हे त्यांना त्या बोलण्यातून गोळा करावं लागे. आज सगळ्यांचं एकच, म्हणजे मान डोलवून मोकळं होता आलं असतं. पण मान डोलवली असती तर टेनकोरांगची शनिवारची वाट लागली असती.

त्यांनी आपली लांब सळई काढली. एक टोक इंजिनच्या अंगाला, दुसरं दातांत. कानापेक्षा दातांतून बरं कळतं, असं ते पूर्वी ऐटीत सांगत. आता तेवढंच उरलं होतं. सळई दातांत ठेवूनच त्यांनी पान्याने डिझेलच्या नळ्यांचे नट पाळीपाळीने सैल करून पुन्हा आवळले. नट सैल केला की त्या सिलिंडरचं जळणं थांबतं. बेअरिंग गेलेलं असेल तर त्याचा ठोकाही नरम पडतो. इथे कुठलाही नट सैल केल्यावर दातांतला ठोका बदलला नाही. सळई पुढे सरकवली तसा तो वाढला. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, पट्टा उतरवला आणि पुढची पुली दोन्ही हातांत धरून हलवली. ती केसभर हलली.

‘‘बेअरिंग तुमच्या डोक्यातलं गेलंय,’’ मामा म्हणाले. ‘‘पुलीला दांड्याशी जखडणारी लोखंडी चावी झिजलीय. ती खोबणीत आपटतेय.’’

बाफूरने पुली हलवून पाहिली आणि स्वतःच कानस आणायला वळला.

ऊन उतरेपर्यंत नवी चावी घासून बसली, बोल्ट आवळला गेला, पट्टा चढला. टेनकोरांगने किल्ली फिरवली. मागच्या नळीतून धूर उसळला, बॉनेटवरच्या हाताला सरळ, एकसारखी थरथर लागली. मामांचं मन भरून आलं. अजून जमतंय आपल्याला. ते मागे सरले, हात पुसत गल्लीकडे वळले.

‘‘ऐक रे बाफूर! बेअरिंग म्हणे. शिलाई मशीनसारखं चाललंय की नाही?’’

बाफूर मामांच्या खांद्यावरून गाडीकडे बघत म्हणाला, ‘‘हो मामा. अगदी शिलाई मशीन.’’

बाफूर आणि फाटे न फोडता हो म्हणतो? मामांनी वळून पाहिलं. मागच्या नळीतून धूर येत नव्हता. मघाशी सैल केलेल्या नळ्यांतून आत हवा शिरली होती आणि इंजिन केव्हाच बंद पडलं होतं. टेनकोरांग स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. किल्ली पुन्हा फिरवायचा धीर त्याला होत नव्हता.

मामांना शरमेने घाम फुटला. बाफूरने टिंगल केली असती तर परवडलं असतं.

‘‘बंद आहे ना रे?’’

‘‘बंद आहे, मामा.’’

‘‘तुला कधीपासून माहीत आहे?’’

बाफूर त्यांना ओठ नीट दिसतील असा समोर आला. तो नेहमी असाच समोर येऊन उभा राहायचा. मामा त्याला आगाऊपणा समजत आले होते. ‘‘दोन पावसाळे येऊन गेले. सगळ्या गल्लीलाच माहीत आहे.’’

‘‘आणि कुणी बोललं नाही?’’

‘‘मी रोज बोलतो की. पाठीमागून. काय काय शिव्या घातल्यात तुम्हाला, तुम्ही हुं की चूं केलं नाहीत.’’

कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ बाफूरही हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते, ओले होते. मामांनी सळई उचलून पुसली आणि टेनकोरांगकडे वळून हात वर केला.

‘‘आधी हवा काढू, मग मार किल्ली,’’ ते म्हणाले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘आणि बाफूर, चालू झालं की मला सांग. जोरात सांग. माझे कान गेलेत.’’