मेसेज माझा, फावडं काकांचं

मंडळी, आज माझं कौतुक झालंय आणि मला तोंड लपवावंसं वाटतंय.

आमच्या गल्लीतली गटार आठवडाभर तुंबली होती. सगळे महापालिकेला शिव्या घालत होते. सकाळी चहा पिता पिता मी गल्लीच्या ग्रुपवर अमेरिकेच्या त्या राष्ट्राध्यक्षांचं गाजलेलं वाक्य टाकलं: देशानं तुमच्यासाठी काय केलं ते विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करणार ते विचारा. टाकलं आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येतोय तर शेजारचे काका, सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, गटारीत उतरून फावड्यानं गाळ काढतायत.

"काका, हे काय?"

"तुझा मेसेज वाचला की! लई पटला बघ. म्हटलं, आता कुणाची वाट बघायची?"

"थांबा, कपडे बदलून आलोच," म्हणालो. घरात जाऊन पंख्याखाली बसलो. फावड्याचा आवाज थांबेपर्यंत उठलोच नाही.

आता काकांनी ग्रुपवर साफ गटारीचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, "आमच्या सुनीलच्या प्रेरणेनं."

सगळे मला शाब्बास म्हणतायत. आणि मी सवयीनं 'धन्यवाद' लिहून मोकळा झालोय.

सकाळी काका दारात भेटतील. कुठल्या तोंडानं बघू त्यांच्याकडं?