काटा सत्तरवर पाहिजे

आमच्या घरात सिगार कुणीच ओढत नव्हतं. तरीही लग्न होऊन मी साताऱ्याला आले, त्या आठवड्यात सासऱ्यांनी मला जे पहिलं काम सोपवलं ते सिगारचं होतं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. चालणं ताठ, मिशा ताठ, जेवायच्या पाटावर बसले तरी पाठ ताठ. निरोपाच्या दिवशी त्यांच्या कर्नलसाहेबांनी त्यांना एक लाकडी पेटी दिली होती, क्यूबाच्या सिगारींनी भरलेली. बाहेरून तपकिरी आणि आरशासारखी गुळगुळीत, आतून फिकट लाकडाची. उघडली की जुन्या कपाटाचा आणि गुळाचा मिळून येईल तसा वास यायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळासारखी गोल तबकडी होती आणि तिच्यावर एकच काटा. पेटीतल्या हवेत ओल किती आहे ते तो दाखवायचा. शेजारी पितळेची जाळीदार डबी आणि डबीत स्पंज. स्पंज भिजवायचा, पिळायचा, परत डबीत बसवायचा. हवा कोरडी झाली तर सिगार वाळून फुटते, फार ओली झाली तर बुरसते, म्हणून एवढा खटाटोप.

"साहेब म्हणाले हुते," मामंजींनी मला सांगितलं, "सुभेदारसाब, काटा सत्तर पे रखना, मैं आके पिऊंगा. आता तू शिकलेली हायस. सायन्स हाय न्हवं तुजं? मग आजपास्नं काटा तुज्याकडं."

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. त्या पदवीचा माझ्या सासरी झालेला हा पहिला उपयोग.

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्या पेटीचा राग होता. तंबाखूबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नव्हती. त्या स्वतः मिसरी लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि बोटानं दातांना घासत बसायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि मामंजींनी पेटी उघडली की आणखी एकदा. "आवं," त्या म्हणायच्या, "जिती माणसं हायती घरात. त्यांच्याकडं बगा की वाईच."

साताऱ्याच्या पावसाळ्यात काटा काही केल्या ऐकायचा नाही. बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं, आगपेटीच्या काड्या नुसत्या घासल्या जायच्या, आणि काटा सत्तर ओलांडून खुशाल पुढे निघायचा. स्पंज काढून ठेवला तरी तेच. एका सकाळी दोन सिगारींवर पांढरी बुरशी दिसली. मामंजींनी मलमलचा तुकडा घेतला आणि तान्ह्या पोराचं अंग पुसावं तशा त्या पुसल्या. आत्याबाई लांबून बघत होत्या. "आमच्या चार पोरांतलं एक तरी असं पुसलं हुतं का, इचार त्यास्नी," असं त्या मला म्हणाल्या.

तेव्हा मला कॉलेजातला एक प्रयोग आठवला. मिठात थोडंसं पाणी घालून घट्ट लगदा करायचा आणि तो बंद डब्यात ठेवायचा. हवेत ओल जास्त असली तर मीठ ती ओढून घेतं, कमी असली तर सोडतं, आणि आतली हवा एका जागी स्थिर राहते. मी वाटीत लगदा केला आणि सिगारींच्या खालच्या फळीखाली ठेवला. दोन दिवसांत काटा खाली आला आणि थांबला. मी कौतुकानं मामंजींना बोलावलं.

त्यांनी चष्मा लावला. "हे पंच्याहत्तर हाय."

"व्हय मामंजी. मीठ पंच्याहत्तरच धरतं."

"सत्तर सांगितलंय. त्याला म्हणावं पाच कमी कर."

"मीठ ऐकत नाही, मामंजी."

"मग पलटणीत त्याचं काय काम न्हाई," असं म्हणून त्यांनी वाटी उचलून माझ्या हातात दिली. माझा प्रयोग संपला.

पुढं यांची बदली जतला झाली. हे पाटबंधारे खात्यात होते. साताऱ्यात पाऊस यांना ऑफिसला जाऊ द्यायचा नाही, आणि जतला पाटबंधारे होते पण पाट कोरडेच होते. सामान ट्रकनं गेलं. पेटी मामंजींच्या मांडीवर, ओल्या पंचात गुंडाळून. वाटेत तासगावला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी हॉटेलवाल्याकडून स्वतःसाठी कपभर चहा घेतला आणि पंचासाठी तांब्याभर पाणी मागून घेतलं.

जतच्या घरात भांडी उतरायच्या आधी काटा उतरला. तिथली हवाच तशी. सकाळी धुतलेलं लुगडं न्याहारीपर्यंत कडक व्हायचं, भाकरीवर फडकं झाकायला विसरलं की तिचा पापड व्हायचा. स्पंज दिवसाआड भिजवायचो तो आता रोज दोनदा भिजवावा लागे. पाणी टँकरचं. गल्लीतल्या बायकांबरोबर घागरी लावून, आरडाओरड करून आणलेलं. त्यातलं फुलपात्रभर पाणी मामंजी पेटीकडे घेऊन चालले की आत्याबाई कपाळाला हात लावायच्या. "माणसांस्नी प्यायला पानी न्हाई, आन ह्यांच्या इड्यास्नी आंगूळ."

"इड्या न्हाईत त्या," मामंजी म्हणायचे. 

आणि एके दिवशी सुट्टीवर आलेल्या एका जवानाकडून निरोप आला. कर्नलसाहेब सांगलीला एका लग्नाला येणार होते, तिथून खास सुभेदारांना भेटायला जतला येणार होते.

मामंजींनी त्या दिवशी घर हातात घेतलं. अंगण सारवून घेतलं, दाराला तेल दिलं, यांचे केस कापून आणवले. पेटीचा काटा मात्र साठाच्या खाली रेंगाळत होता. मामंजींनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की आता उघडझाप बंद, साहेब यायच्या आदल्या दिवशी मी स्वतः पेटी उघडीन, तोवर कुणी हात लावायचा नाही.

मला त्यांची काळजी वाटली. ते दुपारी आडवे झाले तेव्हा मी माझी मिठाची वाटी पुन्हा फळीखाली सरकवली. पंच्याहत्तर तर पंच्याहत्तर, साठापेक्षा बरं. यांना ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं की बटाट्याच्या कापांनी तंबाखू ताजी राहते. त्यांनी संध्याकाळी कापं करून कोपऱ्यांत बसवली. आत्याबाई त्या पेटीला नावं ठेवायच्या हे खरं, पण साहेबापुढे नवऱ्याचा पाणउतारा व्हावा असं त्यांना थोडंच वाटत होतं? त्यांनी विड्याची पानं भिजवून सिगारींच्या दोन थरांमध्ये अंथरली. आणि मामंजींनी, स्वतःच काढलेला हुकूम मोडून, स्पंज भिजवला आणि पिळायचं सोडून तसाच डबीत कोंबला. कुणी कुणाला बोललं नाही. घाईत, चोरून, जो तो आपलं काम करून झाकण लावत होता, त्यामुळं दुसऱ्याचं कुणाला दिसलंही नाही.

ठरल्या दिवशी मामंजींनी झाकण उघडलं. काटा तबकडीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन टेकला होता. आत तळ्यासारखा वास. सिगारी फुगून मुळ्यांसारख्या झाल्या होत्या आणि काहींची वरची पानं उकलली होती. माझ्या मिठाचं तर सरळ पाणी झालं होतं.

मामंजींनी एकेक वस्तू बाहेर काढून पाटावर मांडली. वाटी, कापं, पानं.

"ही वाटी कुनाची?"

मी हात वर केला. यांनी बटाट्यासाठी केला. आत्याबाई म्हणाल्या, "पानं माजी हायती. काय म्हननं हाय?" मग त्यांनीच बोटानं स्पंज दाबला. पाण्याची धार पाटावर पडली. "आन हे कुनाचं?"

मामंजींनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "माजं," ते म्हणाले.

आत्याबाई उठल्या. सूप आणलं, त्यावर जुनं धोतर पसरलं आणि सिगारी ओळीनं मांडल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर चिरल्या असत्या, म्हणून ओसरीच्या सावलीत, वाऱ्याला. समोरची कानडी शेजारीण डोकावली. "इदेनु, वैनी?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत हे काय आहे एवढं कानडी आम्हाला कळायला लागलं होतं.

"शेवग्याच्या शेंगा," आत्याबाई म्हणाल्या. "परदेशी हायत्या."

मामंजी काठी घेऊन राखणीला बसले. दुपारी शेळ्यामेंढरांचा कळप गल्लीतून गेला आणि त्यातली एक शेळी ओसरीला पाय लावून एक सिगार घेऊन गेली. चार पावलांवर जाऊन तिनं ती चघळली, विचार केला आणि थुंकून टाकली. मामंजी धनगराला बोलायला उठले होते, ते परत काठी घेऊन बसले.

जतची हवा त्या दिवशी कामाला आली. तिन्हीसांजेपर्यंत निम्म्याअधिक सिगारी ठाकठीक झाल्या. फुटलेल्या होत्या त्या आत्याबाईंनी ओच्यात गोळा केल्या, चुलीवर तवा ठेवला आणि सगळ्या भाजल्या. गल्ली खोकायला लागली. थंड झाल्यावर त्यांनी चिमूटभर मिसरी दातांना लावून बघितली. "रंग झ्याक आलाय," त्या म्हणाल्या, "पर दम न्हाई. मिळमिळीत हाय."

साहेब जीपमधून येतील असं मामंजींनी धरलं होतं, म्हणून ते वेशीकडे बघत उभे होते. साहेब एसटीनं आले आणि स्टँडवरून विचारत विचारत घरी पोचले. मी मनात धिप्पाड माणूस धरला होता. आले ते बुटके, हडकुळे, बुशशर्ट घातलेले म्हातारे गृहस्थ, हातात कापडी पिशवी. मामंजींनी अंगणात सलाम ठोकला. साहेबांनी सलाम घेतला आणि लगेच त्यांना मिठी मारली.

घरात खुर्ची एकच. तिच्यावर साहेब. मामंजी समोर उभे. चहा झाला आणि मामंजींनी पेटी आणून साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"अरे," साहेब म्हणाले, "ये अभी तक है?"

"जी साब."

"सुभेदारसाब, ये तो बीवी ने घर से निकलवाई थी. बोली, या तो ये रहेगी या मैं. मुझे लगा आप ने पलटन के लंगर में बाँट दी होगी."

मामंजींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "साब ने बोला था," ते म्हणाले, "काटा सत्तर पे रखना. मैं आके पिऊंगा."

"मैंने बोला था?"

"जी साब."

साहेबांनी तबकडीकडे बघितलं. काटा सत्तरच्या आसपास होता, थोडा इकडे, थोडा तिकडे. त्यांनी एक सिगार उचलली, कानाजवळ धरून बोटांत फिरवली, हुंगली.  मग उठले, स्वतः आत जाऊन धान्याचा रिकामा डबा उचलून आणला, खुर्चीशेजारी पालथा घातला आणि त्यावर बसले. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बैठिये."

"नहीं साब."

"सुभेदारसाब, बैठिये. ये ऑर्डर है."

मामंजी बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, पडतील की काय असे. साहेबांनी दोन सिगारी पेटवल्या. मामंजींनी विडीसारखा भरून झुरका घेतला आणि ते इतके खोकले की मी पाणी घेऊन धावले. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच खेळवायचा, हे साहेबांनी त्यांना तेव्हा शिकवलं. इतकी वर्षं सांभाळली आणि ओढायची कशी ते ठाऊक नव्हतं.

आत्याबाई उंबऱ्याच्या आत बसून दात घासत होत्या. साहेबांनी मराठीत विचारलं, "वहिनी, हे काय लावता?"

आत्याबाईंनी पदर सावरला. "तुमचीच हाय," त्या म्हणाल्या.

मामंजींनी डोळे मिटून घेतले. मग सगळी हकिगत सांगावी लागली, वाटीपासून शेळीपर्यंत. साहेब हसून हसून वाकले, त्यांची सिगार विझली. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि चिमूटभर मिसरी मागितली. आत्याबाईंनी जराशीच दिली. साहेबांनी ती दातांना लावली आणि थोड्या वेळानं डोकं दोन्ही हातांत धरून बसले. "मिळमिळीत हाय म्हणून दिली," आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "न्हाईतर दिली नसती."

साहेब संध्याकाळच्या एसटीनं गेले. जाताना पेटी घ्या म्हणून मामंजींनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी हात जोडले, बायको अजून तीच आहे म्हणाले. उरलेल्या सिगारी मामंजींनी सुट्टीवर येणाऱ्या जवानांना एकेक करून वाटल्या, आणि धूर छातीत घ्यायचा नाही हे प्रत्येकाला दटावून सांगितलं.

त्यानंतर ते कामाला म्हणून सांगलीला गेले ते एक लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आले. एवढ्याशा घरात दुसरी खुर्ची कशाला, असं आत्याबाईंनी विचारलं.

"कोन बसलं तर बसंल की," ते म्हणाले आणि ती त्यांनी आपल्या खुर्चीशेजारी ओसरीवर उघडून ठेवली. बरेच दिवस ती रिकामीच होती. मग एका दुपारी मी दळण घेऊन परत आले तर आत्याबाई तिच्यावर बसलेल्या, पाय खाली पोचत नव्हते म्हणून अधांतरी, आणि निवांत मिसरी लावत होत्या. मामंजी शेजारी रस्त्याकडे बघत बसले होते.  मी आपली बाजूनं वाट काढून आत गेले.