अठ्ठ्याण्णव टक्के पोरं आणि लालबीचा चहा

सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलेजात लालबी मावशी अठरा वर्षं चहा करते. आम्हा कारकुनांपासून प्राचार्यांपर्यंत कुणाला साखर किती लागते, हे तिला तोंडपाठ. शिकली चौथीपर्यंत. पण अक्कल म्हणाल तर समाजशास्त्राच्या सयाजी सरांना पुरून उरेल एवढी.

या सरांना मध्येच संशोधनाचा झटका आला. विषय काय, तर एचआयव्ही चाचणीबद्दल विद्यार्थ्यांचे समज. प्रश्नावली छापून आणली. वर ठळक अक्षरांत ‘माहिती गोपनीय’, आणि त्याच्याच खाली रोल नंबर सक्तीचा! का, तर फॉर्म न भरणाऱ्याची हजेरी कापायची होती. आता कुठलं पोरगं खरं लिहील हो? ‘चाचणी करणाऱ्याकडे संशयाने पाहाल का?’ पुढच्या बाकानं ‘नाही’वर खूण केली, मागच्यानं त्याचं बघून केली. अठ्ठ्याण्णव टक्के पोरं सुधारलेली निघाली. सर हुरळले. म्हणे, समाज बदलतोय. डोंबल बदलतोय!

त्या भरात सरांनी चाचणी शिबिर ठेवलं. दवाखान्यातून झीनत मॅडम आल्या आणि टेबल मांडून दोन तास माश्या मारत बसल्या. सुधारलेली पोरं खांबाआड खिदळत उभी. लालबीला ते बघवेना. "लेकरं भितेत वाटतं. मीच बसते की आदी," म्हणाली आणि सगळ्यांदेखत बाही वर केली. मला खरंच अभिमान वाटला. तिच्यामागं मात्र कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधून अकरा कप भरलेले परत आले. "बाई तपासायला बसली म्हणजे काहीतरी असणारच की," हे कुजबुजणारे कोण? सयाजी सर! चहातून हा आजार पसरत नाही, हे त्यांनीच प्रश्नावलीच्या शेवटी छापलंय. मेले शिकलेले! आठवड्यात प्राचार्यांकडे सगळ्यांच्या सहीचा अर्ज गेला. येत्या सोमवारपासून लालबीला चहावरून काढून संडास धुण्यावर घालायचा हुकूम निघाला.

शनिवारी, चहाच्या शेवटच्या दिवशी, ती कप न्यायला ऑफिसात आली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, रिपोर्ट चांगला आलाय ना? मग दाखवून टाका. तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"चांगलाच हाय," ती म्हणाली. "पन का दावू? उद्या एकादं लेकरू तपासून आलं, तर त्यालाबी दाव म्हननार काय?"

तिनं माझ्या टेबलावरचा कप उचलला. काठोकाठ भरलेला, साय धरलेला. मी आठ दिवस सगळ्यांना ॲसिडिटी झाली म्हणून सांगत होतो.

"साखर बरोबर हुती की, सर," ती म्हणाली, आणि कप मोरीत ओतून आली.